जामीन मिळाला, आता जामीनदार शोधा

आमचा एक सहकारी वनहक्कांसाठी काम करायचा. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक होऊन तो तळोजा कारागृहात आला. घर यवतमाळ जिल्ह्यात, खटला मुंबईत. वहिनींना इथे कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून त्यांच्यासोबत जायचं काम मी घेतलं. मी निवृत्त शिक्षिका, वकील नाही. पण अशा घराला वकिलाइतकंच सोबत धावणारं माणूस लागतं, आणि अटकेची भीती पसरली की नेमकं तेच माणूस मिळत नाही.

पहिली अडचण मुलाकातीची. वहिनींच्या आधार कार्डावर माहेरचं आडनाव, म्हणून नात्याचा पुरावा मागितला. विवाह नोंदणी झालेली नव्हती. वकिलांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं, तेव्हा भेट झाली. काचेपलीकडून, फोनवर. कॅन्टीनसाठी मनीऑर्डर, पुस्तकं, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, प्रत्येकाचा वेगळा अर्ज. याच कायद्याखाली तळोजात असलेले आदिवासी हक्कांचे कार्यकर्ते फादर स्टॅन स्वामी, त्यांना पार्किन्सन्स होता, आणि पाणी प्यायला स्ट्रॉ-सिपर मिळावा म्हणून २०२० मध्ये त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला होता. पुढच्या वर्षी ५ जुलैला कोठडीत असतानाच ते गेले. त्यामुळे तब्येतीची तक्रार आम्ही कधीच तोंडी ठेवली नाही. लेखी अर्ज द्यायचा आणि शिक्क्याची पोच घ्यायची. पुढे वैद्यकीय तपासणीसाठी न्यायालयात गेलो तेव्हा या पोचपावत्याच उपयोगी पडल्या.

दोषारोपपत्र हजारो पानांचं, बरंचसं इंग्रजीत. नवऱ्यावर नेमका काय आरोप आहे हे वहिनींना कुणी सांगितलंच नव्हतं. मी एकेक भाग मराठीत वाचून दाखवायची. त्या मध्येच थांबवून म्हणायच्या, "ताई, ही बैठक तर ग्रामसभेची होती, मी चहा केला होता." आम्ही ते वहीत टिपलं आणि वकिलांना दिलं.

विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. यूएपीएच्या कलम ४३ड(५)नुसार आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की जामीन देता येत नाही. मात्र खटला लवकर संपण्याची चिन्हं नसतील आणि माणूस दीर्घकाळ आत असेल, तर घटनात्मक न्यायालयं, म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालय, जामीन देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सांगितलं. त्याच आधारावर उच्च न्यायालयात जामीन झाला.

वहिनींनी त्याच रात्री गावी फोन करून सांगितलं, "येतायत." माणूस मात्र आतच होता, कारण दोन जामीनदार हवे होते. जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, तो तहसील कार्यालयातून. त्याला सातबारा किंवा घराचे कागद, रेशन कार्ड जोडायचं, मग पोलीस पडताळणी. ज्यांना विचारलं त्यातले बरेच जण चांगली माणसं होती, पण पोलीस दारात येणार म्हटल्यावर घरचे नको म्हणायचे. मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो गरिबाच्या सुटकेला दुसऱ्याच्या सातबाऱ्याशी बांधणाऱ्या पद्धतीचा. शेवटी वकिलांनी तात्पुरता रोख जामीन मागितला, न्यायालयाने जामीनदार आणायला मुदत देऊन तो मान्य केला. वर्गणी काढून रक्कम भरली. सुटकेचा आदेश कारागृहात पोहोचून त्याची नोंद होईपर्यंत पुढचा दिवस उजाडला.

मुदत संपायच्या आत एक जामीनदार मिळाला तो माझा जुना विद्यार्थी, आता रिक्षा चालवतो. घर त्याच्या नावावर आहे. त्याने एकच प्रश्न विचारला, "बाई, कुठे सही करायची?" दुसरे कामगार संघटनेतले एक काका.

जामिनाच्या अटीप्रमाणे आमच्या सहकाऱ्याला मुंबई सोडता येत नाही, आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी आहे. भाड्याची खोली द्यायला लोक कचरतात, काम मिळणं त्याहून कठीण. वहिनी शेतीसाठी गावी, मुलगी दहावीला. परीक्षेच्या काळापुरतं गावी जाऊ द्यावं असा अर्ज केला आहे. शाळेचं बोनाफाईड, परीक्षेचं वेळापत्रक आणि गावच्या पोलीस ठाण्यात हजेरी देण्याची हमी जोडली आहे. सुनावणी पुढच्या सोमवारी आहे.