पट्टी निघाली, पण हमाली चुकली

लातूरच्या मार्केट यार्डातल्या, शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या आडत दुकानांसाठी आमची छोटी कंपनी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवते. कुणी हमाली कट्ट्यावर (पोत्यावर) लावतं, कुणी क्विंटलवर. म्हणून प्रत्येक दुकानाच्या पट्टीसाठी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशोबासाठी, वेगळी स्क्रिप्ट असते, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम. या स्क्रिप्ट पायथन 2 वर चालायच्या. त्याचा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला, तेव्हा कधीतरी बदल करणं भागच होतं. यंदाच्या बीटात, म्हणजे आधी तपासायला दिलेल्या आवृत्तीत, पायथन 3 आलं आणि दुकानदारांना सावध करायचं काम माझ्याकडे आलं.

सूचनेचा मसुदा आधीच ठरला होता: ‘काही जुन्या स्क्रिप्ट चालणार नाहीत. एरर आल्यास फोन करा.’ चूक काहीच नव्हतं त्यात. स्क्रिप्टमधल्या ‘प्रिंट’ या आज्ञेला कंस नसेल तर पायथन 3 जागेवरच अडतं, कुणाच्याही लक्षात येतं.

ती पाठवायच्या आतच एका दुकानाच्या मुनीमकाकांचा फोन आला. बीटा तपासायला म्हणून त्यांनी गेल्या हंगामातली सोयाबीनची एक पट्टी पुन्हा काढली होती आणि वहीशी ताडून पाहिली होती.

“ताई, पट्टी तर निघायलीय, पण हमाली साडेपंचवीस कट्ट्यांची धरायलीय. अर्ध्या कट्ट्याची हमाली आपण कधी घेतलीय का?”

माल 1,275 किलो, कट्टा 50 किलोचा. पायथन 2 मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उरलेला भाग गळून जायचा, उत्तर यायचं 25. पायथन 3 मध्ये तोच भागाकार 25.5 देतो. एरर नाही, काही नाही, पट्टी छापून हातात. कट्ट्याला 10 रुपये हमाली धरली तर शेतकऱ्याचे 5 रुपये जास्त कापले गेले. माल विकून गावाकडची गाडी गाठायच्या घाईत असलेला माणूस कट्टे भागून बघत बसेल का? त्याचा विश्वास आडत्यावर, आडत्याचा आमच्यावर.

मग मी सगळ्या स्क्रिप्ट उघडून बसले. रक्कम पूर्ण रुपयांत आणणाऱ्या ‘राऊंड’चंही तेच. 112.50 चे पूर्वी 113 व्हायचे, आता 112 होतात, 113.50 चे मात्र दोन्हीकडे 114. बरोबर अर्ध्यावरची रक्कम पायथन 3 जवळच्या सम संख्येकडे नेतं. हे जास्त फसवं, कारण चार पट्ट्या जुळल्या की माणूस पाचवी तपासत नाही.

आमच्या सरांना काळजी वेगळीच होती. “एवढं सगळं लिहिलं तर बीटा कोण लावणार?” मी म्हटलं, नाही लावली तर नाही लावली, दसरा-दिवाळीत सोयाबीनची आवक सुरू झाल्यावर चुकीच्या पट्ट्या निघाल्या तर फोन कुणी घ्यायचे? त्यांना ते पटलं.

सूचना नव्याने लिहिली. बीटावर खरी पट्टी छापू नका. डेटाची कॉपी घेऊन वेगळ्या कॉम्प्युटरवर लावा. गेल्या हंगामातल्या पट्ट्या दोन्हींवर काढून रुपयाला रुपया जुळवा; अर्धवट कट्ट्याची आणि 50 पैशांवर अडलेली पट्टी त्यात हवीच. सोबत 1,275 किलोचा हिशोब जसाच्या तसा दिला. ती व्हॉट्सॲपवर टाकून थांबले नाही, एकेका दुकानाला फोन केला आणि मालकाऐवजी मुनीमाला मागितलं. पट्टी रोज तोच बघतो.

स्क्रिप्टमधल्या भागाकाराच्या एका तिरक्या रेघेच्या (/) दोन रेघा (//) केल्या की उत्तर पुन्हा 25 येतं. ती दुरुस्ती आम्हीच करून देतोय, पण ज्याची पट्टी जुळली त्यालाच नवी आवृत्ती. काहींनी हंगाम संपल्यावर बघू म्हणून सांगितलं. त्यांना मी आग्रह केला नाही.