आमची वाटचाल : काळ्या शाईची एकवीस वर्षं

नाशिकच्या सराफ बाजाराच्या अंगाला दुकान म्हटलं की लोक सोनं विचारतात. आमच्याकडे काळं मिळतं. २००४ साली एका वाड्याच्या तळमजल्यावर मी आणि फ्रेमवाले मिस्त्री, दोघांनी सुरुवात केली. मी जपानी-चिनी पद्धतीनं शाईत चित्रं काढायची, त्यांनी ती डकवून चौकटीत बसवायची.

"हे चायनीज का?" हा प्रश्न रोजचा. १९०३ मध्ये जपानचे चित्रकार ताइकान आणि शुन्सो कोलकात्याला आले, अवनींद्रनाथ टागोरांनी त्यांचं बघून वॉश, म्हणजे रंग पाण्यात पातळ करून पसरायची पद्धत, उचलला, असं सगळं मी सांगतो. गिऱ्हाईक ऐकून घेतं आणि म्हणतं, "पण रंग का नाहीत?"

विषय मात्र इथलेच. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीतलं पाणकणीस, चित्रबलाक, वारकरी, बगळे. पाणी काढायचंच नाही, तिथं कागद कोरा सोडायचा. २०२० मध्ये रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीचा, शिक्का बसल्यावर मोठमोठ्या लेन्सा तिकडं गेल्या. आम्ही निफाडपर्यंत एसटीनं आणि पुढं मिळेल त्यानं जात होतो.

शाईची कांडी म्हणजे काजळी आणि सरस. दगडावर सावकाश उगाळा, बोअरचं जड पाणी घेऊ नका. आणि उगाळून झाली की कांडी दगडावर टेकवून चहाला जाऊ नका, सरसानं चिकटते. सोडवताना माझ्या एका दगडाचा टवका गेलाय.

ऑगस्ट २०१९. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पुरात बुडाला तेव्हाच कळायला हवं होतं. दुकानात छातीएवढं पाणी. बेचाळीस चित्रं भिजली, पाठीचे कागद सुटले. पण नीट वाळलेली ती शाई फुटली नाही. गल्लीतल्याच वरच्या मजल्यावर एकांचं डिजिटल प्रिंटिंग होतं. स्वतःहून खाली आले, "दादा, माझ्याकडं पंखे आहेत, टाका वाळत." तीन दिवस चित्रं त्यांच्याकडं होती. मी हात जोडले, मिस्त्रींनी पेढे दिले. पेढे!

दिवाळीनंतर आमचे मास्तर आले. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, दर दसऱ्याला एक चित्र घेणार, पैसे तीन हप्त्यांत, एकही हप्ता कधी चुकला नाही. म्हणाले, "तुमच्या बगळ्यांमागं धुकं कधीपासून?" एका हॉटेलच्या लॉबीत त्यांनी पाच फुटी कॅनव्हास पाहिला होता. धुकं कसलं, पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती ती! स्कॅन करताना तीही छापली गेली.

प्रिंटिंगवाल्यांना विचारायला गेलो तर, "पक्षी काय तुमचे आहेत का?" वकिलानं पुरावा मागितला. माझ्याकडं एकाही चित्राचा तारखेचा फोटो नव्हता. तुम्ही काढून ठेवा, आजच. चित्र फ्रेमिंगला जात असलं तरी.

मग टाळेबंदी. अकरा महिन्यांचं भाडं थकलं. मिस्त्री सकाळी फर्निचरची कामं करायचे आणि दुपारी येऊन, पैसे न घेता, गव्हाची खळ शिजवायचे. बुरशी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून, गाठ होऊ न देता. बेचाळीसपैकी एकोणतीस पुन्हा डकवली.

नंतरची वर्षं बरी गेली.

बगळ्यांचं मूळ चित्र मास्तरांनी घेतलं. डागाची कड कापून देतो म्हटलं तर रागावले. लॉबीतलं अजून तिथंच आहे. उन्हानं निळं पडलंय म्हणे. मी बघायला जात नाही. मिस्त्री जातात.