कोपर

शिंपीणबाईंनी एकदा विचारलं, "ताई, तुमची उजवीच बाही कशी काय चुरगळते?" मी म्हणाले, तिथं आई असते.

म्हणजे खरोखरच असते. उजव्या कोपराच्या जरा वर, चार बोटं आणि एक अंगठा, एवढी जागा तिची. बाहेर पडताना मी नुसतं कोपर तिच्या हाताला लावते, ती ते धरते आणि आम्ही निघतो.

न दिसणाऱ्या माणसाला कसं न्यायचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. बसस्टँडवर भली माणसं धावत येतात, आईचा दंड पकडतात आणि "चला आजी, चला" करत तिला पुढं लोटतात. एकदा ती वैतागून म्हणाली, "पोतं हाय का मी, गाडीत भरायला?" खरी रीत उलटी आहे. आपण त्यांना धरायचं नसतं, त्यांनी आपल्याला धरायचं आणि अर्धं पाऊल मागून यायचं. आपण पायरी उतरलो की कोपर खाली जातं, तिला कळतं. बोळ अरुंद झाली की आपण हात पाठीशी न्यायचा, ती आपोआप मागं येते. हे शिकवणारे वर्ग असतात. आम्हाला कुणी शिकवलं नाही. आईनंच एक दिवस माझा हात झटकला, माझं कोपर चाचपून धरलं आणि म्हणाली, "हां, आता चल."

तिचे डोळे काचबिंदूनं गेले. तो कडेकडेनं नजर खात येतो. आधी ताटाशेजारची वाटी दिसेना, मग दारातून आत येणारं माणूस. गावात कुणीतरी सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकू द्या. मोतीबिंदू असता तर काय हवं होतं! भिंग बदललं की झालं. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढून मागची नसच सुकत जाते, आणि सुकलेली नस कुणालाच परत आणता येत नाही. आम्ही डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा तिचा दाब 38 होता. असो.

"आता तूच तिची आई झालीस," असं लोक मला कौतुकानं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. एक तर आमच्याकडं लेकीलाही माय म्हणायची पद्धतच आहे. "ये माय, बस माय" हे मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ऐकतेय, त्यासाठी तिचे डोळे जायची गरज नव्हती. दुसरं म्हणजे, मी तिची आई असते तर माझं थोडं तरी चाललं असतं. इथं अजून भाकरीच्या आवाजावरून बोलणी खाते मी. तिकडं ओसरीवरून विचारते, "भाकर थापायलीस का कुणाला धपाटे घालायलीस?"

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. तिच्या आधी आम्ही दोघी लातूरच्या गंजगोलाईत जातो. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्याला चहूकडून येऊन मिळणारे 16 रस्ते. डोळस माणूस तिथं हमखास चुकतो, कारण फिरून कुठंही उभं राहिलं तरी सारखंच दिसतं. मी इतकी वर्षं लातुरात काढून अजून चुकते. आई चुकत नाही. तिला मिरचीचा ठसका लागतो, मग गुळाचा दमट गोडसर वास, पुढं नव्या चपलांचं चामडं, कोऱ्या कापडाची खळ. सराफा कसा ओळखतेस, असं मी विचारलं होतं. म्हणाली, "सोन्याला कुठला वास? पर तिथं लोकं हळू बोलतात."

पैसेही तीच देते. पाचशेच्या नोटेची चौघडी, दोनशेची तिघडी, शंभरची दुमडलेली, दहा-वीस सरळ. पूर्वीच्या नोटा हाताला कळायच्या. नोटबंदीपासून पुढं आलेल्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांची रुंदी एकच, आणि लांबीत फरक फक्त 4-4 मिलिमीटरचा. उठावाच्या खुणा असतात, पण हातोहाती फिरून मऊ पडलेल्या नोटेवर तिला त्या लागत नाहीत. "चार मिलिमीटर म्हंजी किती?" तिनं विचारलं. मी ज्वारीचा एक दाणा तिच्या चिमटीत ठेवला. तो तिनं बराच वेळ फिरवला. "नोट करणाऱ्याला बोटं नव्हती व्हय गं?"

तर यंदाची गोष्ट. आंबिलीसाठी नवा बिंदगा, म्हणजे मातीचं मडकं, घ्यायचा होता. मी एक छान तांबडा निवडून तिच्या हातात दिला. तिनं तो कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवला. टण्‌ऐवजी भद्द आवाज आला. मग अंगठा फिरवत गळ्यापाशी आली आणि थांबली. केसाएवढा नव्हे, चांगला बोटभर तडा होता.

"हे दिसलं न्हाई तुला?"

"राहिलं बघायचं," मी म्हणाले.

तिनं दुसरा वाजवून घेतला. आम्ही पुढं निघालो. दहा-बारा पावलं गेली असतील, कोपरावरची बोटं एकदम घट्ट झाली.

"पाय चाचपून का टाकायलीस?"

"गर्दी आहे ना."

"गर्दीत तू सरळ घुसतीस. आज कोपर अंगाला आवळून चालायलीस. पोरं अंधारात चालल्यागत."

मी गप्प. सकाळीच डोळे तपासून आले होते. काचबिंदू घरात उतरतो, म्हणून चाळिशी उलटल्यावर मुलांनी दरवर्षी तपासून घ्यावं म्हणतात. बाहुली मोठी करणारं औषध घातलं होतं, चार वाजेपर्यंत उतरेल असं वाटलं होतं. ते काही उतरलं नव्हतं. दुपारच्या उन्हात सगळी गोलाई ताकात कालवल्यासारखी पांढरट दिसत होती. गॉगल लावला होता, पण गॉगल काही कोपराला लावता येत नाही.

"डोळ्यात औषध घालून आलीस ना?"

"हो."

"दाब किती निघाला?"

"चौदा."

ती काही बोलली नाही. बोटं मात्र एकेक करून सैल झाली. करंगळी शेवटी.

मग तिनं नाक वर केलं. "गूळ आला. डावीकडं वळ. आन्‌ जपून, म्होरं एक पायरी हाय, दरसाल ठेचकाळते मी तिथं."

होती.