जामीन झाला, पण सुटका अडली ऐपतीच्या दाखल्यावर

हायकोर्टाने माझ्या धाकट्या भावाला जामीन दिला. अर्ज, तारखा, युक्तिवाद सगळं मागे पडलं. ऐपतीच्या दाखल्यासाठी, म्हणजे जामीनदाराकडे तेवढी मालमत्ता आहे असं सांगणाऱ्या सरकारी कागदासाठी, तहसील कार्यालयात काढलेले दिवस आठवले की मात्र अजून डोकं तापतं.

आदेश होता २५ हजारांचा जातमुचलका (भावाचं स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मामा लगेच तयार झाले, पण त्यांची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात. खालच्या कोर्टात सांगितलं, नुसता सातबारा चालणार नाही, ऐपतीचा दाखला आणा. शक्यतो जामीनदार इथलाच बघा. दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल हवा. अहवाल झाला तर मंडळ अधिकाऱ्याची सही राहिली. सही झाली तर साहेब दौऱ्यावर. वयस्कर मामा बाकावर बसून राहायचे. कारकुनापुढे मी हायकोर्टाचा आदेश ठेवला, त्याने तो उलटूनही पाहिला नाही. ज्याला सोडा म्हणून न्यायमूर्तींनी सांगितलं, तो एका सहीपायी आत होता!

१९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात नेमकं हेच झालं होतं. जामीनदार सख्खा भाऊ, पण मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून मॅजिस्ट्रेटने नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. त्याच न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निर्देशांतही स्थानिक जामीनदाराची अट घालू नये असं सुचवलं आहे, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. हे सगळं आमच्या वकीलताईंनी अर्जात मांडलं आणि तात्पुरती कॅश बेल, म्हणजे जामीनदार देईपर्यंत रोख भरून सुटका, मागितली. ती मिळाली. रोख भरली, जामीनदारासाठी मुदत मिळाली, भाऊ घरी आला. मामांचा दाखला त्यानंतर हाती पडला.

म्हणून सांगते, कॅश बेलची विनंती जामिनाच्या सुनावणीतच करायला लावा. आदेशाची प्रत कोर्टाकडून तुरुंगाला ई-मेलने गेली का, तेही विचारा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. तिथे वकील फुकट मिळतो.

आणखी एक, खरं तर अगदी पहिल्या दिवसाचं. अटकेची कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत, रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, कोर्टात उभं करण्याच्या किमान दोन तास आधी द्यावीच लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ठरवलं आहे. न दिल्यास अटक आणि रिमांड बेकायदा ठरतात. घरात कुणाला अटक झाली तर तो कागद मिळाला का, हे वकिलाला त्याच दिवशी विचारा.