लॅसन पीक: वाहू न शकलेल्या लाव्हाच्या डोंगरावर

कॅलिफोर्नियात फिरायला येणारी आपली बहुतेक मंडळी योसेमिटी, लेक टाहो, एलए असं करून परत जातात आणि लॅसनचं नाव कोणी काढतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून गाडीने चार-पाच तासांवर जगातल्या सगळ्यात मोठ्या लाव्हा डोम्सपैकी (घट्ट लाव्हा ज्वालामुखीच्या तोंडाशीच साचून झालेल्या घुमटासारख्या डोंगरांपैकी) एक उभा आहे आणि त्याच्या पार माथ्यापर्यंत चालत जाता येतं. ताई-भाऊजी तिकडेच राहतात, त्यामुळे यावेळी मी हट्टच धरला आणि भाच्यालाही सोबत घेतलं.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्या माणसाला लाव्हा म्हणजे पसरलेलाच माहीत असतो. घाटात एकावर एक दिसणारे आडवे थर, वर सपाट माथे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो बेसाल्ट, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा लाव्हा, पातळ होता, त्यामुळे लांबच लांब वाहत गेला. लॅसनचा लाव्हा मात्र डेसाइट, त्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) बरीच जास्त, म्हणून तो घट्ट. आपला बेसाल्ट काकवी म्हटला तर हा घट्ट होत आलेला गूळ. तो वर येतो पण पुढे सरकत नाही, तोंडाशीच साचतो, आतून नवा लाव्हा ढकलत राहतो, बाहेरचं थंड झालेलं कवच तडकतं आणि त्याचे तुकडे चारी बाजूंनी घरंगळतात. साधारण २७,००० वर्षांपूर्वी असाच हा अख्खा डोंगर वर आला.

हे वाचलेलं असणं वेगळं आणि त्यावरून चालणं वेगळं. पार्किंगच जवळजवळ २,६०० मीटरवर आहे, तिथून माथा ३,१८७ मीटर, एका बाजूने ४ किमीची वाट, झिगझॅग आणि सतत चढ. हवा विरळ आहे, धाप लागते, सावकाश चढायचं. झाडं हळूहळू संपतात आणि मग दोन्ही बाजूंना नुसता दगडांचा राडा, फिकट करडा-गुलाबी, धारदार कडांचा. हे दगड कुठून वाहून आलेले नाहीत, डोम वर येताना त्याच्याच अंगावरून सुटलेले आहेत. भाच्याने विचारलं, "मामा, म्हणजे हा वाढता वाढताच तुटत होता?" अगदी बरोबर! मी इतका खूश झालो की तिथेच बसून त्याला अर्धा तास सगळं सांगितलं, ताई पुढे निघून गेली.

माथ्यावर पोचल्यावर काळसर, ओबडधोबड दगड दिसतात, ते मात्र अगदी अलीकडचे, १९१५ चे. ३० मे १९१४ ला इथे वाफेचे स्फोट सुरू झाले, वर्षभर चालू राहिले, मग मे १९१५ मध्ये विवरात नवा छोटा डोम तयार झाला. १९ मेच्या रात्री स्फोटाने तो फुटला, तापलेले दगड बर्फावर पडले, बर्फ वितळून चिखलाचे लोंढे खालच्या दरीत घुसले. २२ मेला त्याहून मोठा उद्रेक, राखेचा खांब ९ किमीहून उंच. बी. एफ. लूमिस नावाच्या माणसाने काढलेले या उद्रेकांचे फोटो आजही बघायला मिळतात, आणि पुढच्याच वर्षी, १९१६ ला, इथे नॅशनल पार्क झालं.

खाली, याच उद्रेकांनी उद्ध्वस्त केलेल्या डिव्हास्टेटेड एरियात छोटी ट्रेल आहे, ती अजिबात चुकवू नका. तिथल्या काही मोठ्या दगडांना मध्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा आहेत. दगड इथे येऊन पडला तेव्हा गरम होता आणि जागेवरच थंड झाला, त्याची ती खूण. मी हात लावून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

मॅन्झनिटा लेकला सगळे फोटो काढायला थांबतात, आम्हीही थांबलो. पण ते तळंसुद्धा डोमचीच करणी आहे. शेजारचे केऑस क्रॅग्ज हे डोम साधारण ११०० वर्षांपूर्वीचे, त्यातला एक भाग साधारण ३५० वर्षांपूर्वी ढासळला, दगडांचा लोंढा कित्येक किलोमीटर धावला, ओढा अडला आणि तळं झालं. तसं परत होऊ शकतं म्हणून १९७४ मध्ये तिथलं व्हिजिटर सेंटर बंद केलं होतं.

डोमचा खरा धोका हाच, ढासळण्याचा. जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर ३ जून १९९१ ला वाढता डोम कोसळून तापलेल्या राखेचा आणि दगडांचा लोट खाली आला, ४३ माणसं गेली, त्यात ज्वालामुखींचा अभ्यास करणारे मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे जोडपंही होतं. इंडोनेशियाच्या मेरापीचं, कॅरिबियनमधल्या माँटसेरातचं दुखणंही तेच.

पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे जपानच्याच होक्काइदो बेटावरच्या शोवा-शिनझानची. १९४३ ते ४५ दरम्यान गव्हाच्या शेतात जमीन फुगत गेली आणि डोम वर आला. युद्ध चालू होतं, तेव्हा तिथले पोस्टमास्तर मिमात्सु मासाओ यांनी साध्या साधनांनी त्याच्या वाढीची सतत नोंद ठेवली आणि पुढे ती जमीनच विकत घेतली. केवढं प्रेम!

जायचं असेल तर जुलैअखेर ते सप्टेंबर जा, बर्फामुळे पार्कमधला रस्ता उशिरा उघडतो. २०२१ च्या डिक्सी फायरमध्ये पार्कचा मोठा भाग जळला, ती जळकी झाडं अजून दिसतात. पुरेसं पाणी घ्या, सकाळी लवकर चढा. आणि हाताशी आणखी एक दिवस असेल तर आय-फाइव्ह हायवेने शास्ता ज्वालामुखीकडे वळा, वीड गावाच्या अलीकडे हायवेला लागूनच ब्लॅक ब्यूट दिसतो, तोही डेसाइटचाच डोम.