पाठकोरे

आईचे फोन मधूनच सुरू होतात. "माळ्यावरची तुझी रद्दी घेऊन जाणार आहेस, का देऊन टाकू? रंगारी सोमवारी येतोय." माझी कसली रद्दी ते मला आठवेना. लग्नाला बावीस वर्षं झाली. कऱ्हाडच्या त्या माळ्यावर माझं काही उरलं असलंच तर दहावीची गाईडं असतील, असं मी धरून चालले होते. "चित्रं गं तुझी. बाबांनी बांधून ठेवलेली," आई म्हणाली, आणि श्वास न घेता, "एक कोपरा उंदरांनी खाल्लाय. बाकी बरंय सगळं."

शनिवारी गेले. बाड खाली काढलं तर त्याला फायलीची लाल फीत, दुहेरी गाठ मारलेली. बाबा सहकारी बँकेत कारकून होते, तेव्हा सुतळीपेक्षा फीत त्यांच्या हाताशी जास्त. माझं बालपण अक्षरशः लाल फितीत अडकून पडलं होतं.

आमच्या घरात कोरा कागद ही चैन होती. चित्रं काढायची ती पाठकोऱ्यांवर. हा शब्द माझ्या मुलाला सांगून कळला नाही, त्याच्या जगात कागदाला पाठच नसते. बाबा बँकेतून स्टेन्सिलवरून काढलेल्या, चुकलेल्या सायक्लोस्टाइल प्रती, जुन्या व्याजदरांची परिपत्रकं, रद्द झालेले छापील अर्ज असं काय काय आणायचे. पुढची बाजू बँकेची, मागची माझी. कॅलेंडरची पानंही चालत, पण बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या कॅलेंडरांचीच. कालनिर्णय आमच्या कामाचं नव्हतं. त्याची पाठही छापील, तिथे राशिभविष्य आणि पाककृती. महिना संपल्यावर त्या पानाचा उपयोग फक्त डबे पुसायला.

आता ते कागद तपकिरी पडलेत आणि सायक्लोस्टाइलची शाई पुढून मागे उतरली आहे. एका चित्रात डोंगरामागून सूर्य वर येतोय आणि त्याच्या पोटात उलट्या अक्षरांत 'द. सा. द. शे.' असं दिसतं.

पण मी बसून राहिले ते कागदाच्या उजव्या कोपऱ्यामुळे. प्रत्येक चित्रावर बाबांच्या बारीक, डावीकडे झुकणाऱ्या अक्षरात पेन्सिलीने नोंद: 'आवक क्र. ३७. दि. १४-८-८२. वय ५. विषय: आजी व म्हैस.' बँकेत येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक पडतो, घरात येणाऱ्याला का नको, असा त्यांचा हिशोब असावा. आम्हाला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. मला तर वाटायचं की आम्ही झोपल्यावर ती चित्रं बंबात जातात. शेवटचा क्रमांक १८८ आहे. त्यातली चौसष्ट चित्रं उरली आहेत, म्हणजे बंबाचा संशय अगदीच खोटा नव्हता.

क्रमांक ३७ मधली म्हैस आडवी उभी आहे, पण तोंड तिने पूर्ण माझ्याकडे वळवलंय. चारही पाय एका रेषेत, शिंगं घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखी. आजी दूध काढतेय, कासेकडे अजिबात न बघता. तीही माझ्याकडेच बघतेय. एका हाताला पाच बोटं, दुसऱ्याला सात, कारण त्या बाजूला जागा होती. चरवी काचेची असावी तसं दूध कडेने आरपार दिसतं. आणि आजी म्हशीपेक्षा मोठी आहे. त्या घरात ती होतीच.

क्रमांक ५२ मध्ये मावशी. तिच्या पोटात बाळ, तेही भांग पाडलेलं, फ्रॉक घातलेलं आणि समोर बघून हसणारं. झाला मुलगा, ही गोष्ट वेगळी.

अशा आरपार चित्रांवर जॉर्ज-आंरी ल्युके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की लहान मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. चरवीत दूध आहे हे मला माहीत होतं, मग ते झाकून कशाला ठेवायचं? आजीला दोन डोळे आहेत हेही पक्कं माहीत होतं. ती आडवी बसली म्हणून त्यातला एक कमी करायचा?

मी सगळी चित्रं आवक क्रमांकांप्रमाणे पलंगावर लावत गेले. आई दारातून म्हणाली, "आता मी झोपायचं कुठं?" आणि स्वतःच चष्मा लावून काठावर टेकली. १८८ नंतर नोंदी थांबतात. त्यापुढचे कागद जाड, पांढरे, ड्रॉइंगच्या वहीतले, आणि कोपऱ्यात सरांची लाल शाईतली सही. बाबांच्या लेखी ती चित्रं आता शाळेच्या खात्यावर गेली होती, त्यांना घरचा क्रमांक कसा देणार? आठवीतलं १९९० हे साल. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी.

त्या परीक्षेने मला खूप दिलं, ते आधी सांगते. वस्तुचित्राच्या तासाला सर टेबलावर बादली, दोन वांगी आणि मुद्दाम घडी मोडलेला टॉवेल ठेवायचे. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी धरून अंगठ्याने माप घ्यायचं. बादलीचं तोंड गोल असतं हे मला माहीत होतं, पण माझ्या बाकावरून ते चपटं दिसत होतं, आणि कागदावर चपटंच काढायचं होतं. पहिल्या दिवशी माझा हात ऐकेना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते तोंड नीट जमलं आणि बादली कागदावर जी बसली, तो आनंद अजून आठवतो. ल्युके म्हणतो तसं माहीत असलेलंच काढणाऱ्या मुलीची, म्हणजे माझी, बादली पहिल्यांदा जमिनीवर टेकली. संकल्पचित्राशी मात्र माझं कधी जमलं नाही. वर्तुळात पाकळ्या बसवायच्या आणि पोस्टर कलर रेघेबाहेर न जाऊ देता सपाट भरायचा, यात कल्पनेचं काम कमी आणि श्वास रोखण्याचं जास्त.

घोळ झाला तो स्मरणचित्रात. विषय ठरलेले असत: पावसातली शाळेची मुलं, फुगेवाला, पाणवठा, गणपती विसर्जन. माणसं काढावीच लागत. सर अनुभवी होते आणि अतिशय मायाळू. ते म्हणाले, "माणसं पाठमोरी काढा. चेहरा चुकला की माणूस चुकला, माणूस चुकला की चित्र गेलं. पाठ कुणाची चुकत नाही." हात अवघड जातात, म्हणून हातांवर घागर द्यायची नाहीतर ते खिशात घालायचे. पावलं जमत नाहीत, म्हणून पुढे गवत. आम्ही चाळीस पोरं चाळीस वह्यांमध्ये एकच गाव काढत होतो आणि त्या गावातली सगळी माणसं आमच्याकडे पाठ करून कुठंतरी चालली होती.

माझ्या सरावाच्या चित्रांत एक भाजीबाजार आहे. गिऱ्हाइकं पाठमोरी, ते ठीक आहे. पण भाजीवालीसुद्धा पाठमोरी. ती कुणाला विकतेय हे तिचं तिला माहीत. सरांनी खाली लाल शाईत 'छान' लिहिलंय. चित्र छान आहेच. माणसांची उंची बरोबर, लांबची लहान, जवळची मोठी, टोपल्यांची तोंडं चपटी. परीक्षेत मला बी ग्रेड मिळाली आणि घरी आईने शिरा केला.

पलंगावर मात्र ते ठळक दिसत होतं. डावीकडे माणसं, म्हशी, सूर्य, एक भिंतीवरची पालसुद्धा, सगळे टक लावून माझ्याकडे बघतायत. उजवीकडे कुणीच बघत नाहीये. दिसतं ते काढा, हे शिकवणं योग्यच होतं, आणि बादलीच्या बाबतीत आम्ही ते मनापासून केलं. पण माणसांच्या बाबतीत आम्ही दिसत होतं तेही काढलं नाही आणि माहीत होतं तेही काढलं नाही, जे चुकणार नाही तेवढं काढलं. पुढे इंटरमीजिएट झाली, मग बारावी सायन्स, मग पेन्सिल फक्त वाणसामानाच्या यादीला.

पाउल क्ले या चित्रकाराला १९०२ साली, बाविसाव्या वर्षी, बर्नला आईवडिलांच्या घरी स्वतःची लहानपणची चित्रं सापडली. नुकताच तो इटलीत थोर कलाकृती बघून आला होता. त्याने होणाऱ्या बायकोला पत्रात कळवलं, की आजवरच्या माझ्या कामात हीच सर्वांत महत्त्वाची आहेत. पुढे १९११ मध्ये त्याने स्वतःच्या चित्रांची यादी करायला घेतली आणि तिची सुरुवात लहानपणच्या निवडक चित्रांनी केली. क्लेने स्वतःला आवक क्रमांक स्वतःच दिले, एवढाच फरक. आणि तो क्ले होता, हा दुसरा.

आता ती जपायची कशी, हा प्रश्न होता. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, लॅमिनेट करून देतो, शंभर वर्षं बघायला नको." मी चार चित्रं पुढे सरकवलीही होती. मग आठवलं, आजीची साडी मेणखडूने रंगवलेली आहे. त्या गरम रोलरमधून मेण पसरत गेलं असतं, आणि लॅमिनेशन एकदा झालं की सोडवता येत नाही. परत घेतली. घरी येऊन स्टेपलरच्या गंजक्या पिना चिमट्याने काढल्या. सेलोटेपने जोडलेल्या जागी टेप कधीच सुटून गेली होती आणि तपकिरी डाग मागे राहिला होता, त्याला काही इलाज नाही. स्केचपेनचे रंग विरलेत, पेन्सिल आणि मेणखडू मात्र कालच्यासारखे आहेत. सायक्लोस्टाइलचा कागद हलका, लगद्याचा. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडत जातो आणि घडीवर तुटतो. म्हणून घड्या उलगडल्या, कसर झटकली, प्रत्येक दोन चित्रांमध्ये बटर पेपर घातला आणि सगळं सपाट खोक्यात, कपाटाच्या मधल्या खणात ठेवलं. माळ्यावर नको, पत्र्याखाली उन्हाळ्यात तिथे पापड भाजतील. फोनवर फोटो काढले ते दोन्ही बाजूंचे. व्याजदरही आले.

संकल्पचित्रं तेवढी काढून टाकावीत म्हणून मी बाजूला केली. सोमवारी रद्दीत द्यायला निघालेल्या बाईने ती एकेक करून परत गठ्ठ्यात घातली. लाल फीत तिने स्वतःकडे ठेवली. कशाला, ते मी विचारलं नाही.

परत निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आई लसूण सोलत बसली होती. मी बाजारातून आणलेल्या नव्या वहीतला एक कागद फाडला आणि तिच्या समोर बसले. समोरच. चष्म्याच्या दोन काचा सारख्या येईनात, नाक तिसऱ्यांदा खोडलं, हनुवटीखालची सुरकुती काढली ती दोरीसारखी दिसायला लागली. हात लसणीच्या ताटाखाली घालायचा मोह झाला, पण वरच ठेवले. बोटं मोजून पाच-पाच.

आईने हात पुसून कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे कोण?" म्हणाली. मग उलटा करून मागची बाजू बघितली. मागे काहीच नव्हतं.

"अगं, कोरा कागद कशाला घेतलास?" ती म्हणाली. "बाबांचे पाठकोरे आहेत की अजून. ट्रंकेत, गाद्यांखाली."