आमची वाटचाल : पंपाच्या शाफ्टपासून हवेच्या मागापर्यंत

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतली ही शेड मामांनी उभी केली. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिलिंग मशीन, आणि काम जवळजवळ सगळं खाणींचं: पंपांचे शाफ्ट, बुश, कन्व्हेअरचे रोलर. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. ती चवथ झाली आणि आमच्याकडे नवं काम येईनासं झालं.

त्याच वर्षअखेरीस एका इंजिनिअरिंग कॉलेजातून विंड टनेलची, म्हणजे स्थिर मॉडेलवर हवा सोडून तपासायच्या बोगद्याची, वाकलेली पिटो नळी आली. हवेचा वेग मोजायची ही नळी. नळीत नळी, बाहेरची जेमतेम तीन मिलिमीटरची, कडेला अर्ध्या मिलिमीटरची आठ भोकं. समोरच्या तोंडावर एकूण दाब मिळतो, कडेच्या भोकांत स्थिर दाब, आणि दोन्हींच्या फरकावरून हवेचा वेग. मामांनी हुबेहूब नवी करून दिली, पण रीडिंग जुळेना. भिंगाखाली धरली तेव्हा एका भोकाच्या काठावर बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक कोर, दिसली, नखालाही न जाणवणारी. तेवढ्यानेही स्थिर दाब बदलतो. मामांनी बांबूच्या काडीला पॉलिशची पेस्ट लावून दुपारभर एकेक भोक साफ केलं. आमचा धंदा त्या दुपारी बदलला, असं मी मानतो.

पुढे कॉलेजांसाठी मॅनोमीटर (पाण्याच्या पातळीवरून दाबातला फरक दाखवणारं साधन) आणि ‘फणी’ बनवू लागलो. फणी म्हणजे पाच-पाच मिलिमीटरवर ओळीने बसवलेल्या एकवीस नळ्या. मॉडेलच्या मागे ती उभी केली की मधल्या नळ्यांचा दाब पडलेला दिसतो. मॉडेलने हवेचा जेवढा जोर खाल्ला, तेवढा त्या खड्ड्यात उमटतो, आणि त्यावरून मॉडेलला होणारा हवेचा अवरोध काढता येतो.

एक चूक मात्र मनाला लागली. दाबावरून वेग काढायच्या आमच्या तक्त्यात हवेची घनता घनमीटरला 1.225 किलो धरली होती. ती 15 अंश सेल्सिअसच्या कोरड्या हवेची. गोव्यात पावसाळ्यात, 30 अंशांना, दमट हवेची घनता 1.15च्या आसपास असते. म्हणजे आमचा तक्ता वेग तीन टक्के कमी दाखवत होता. एका प्राध्यापिकांनी थर्मामीटर आणि बॅरोमीटर समोर ठेवून गणित मांडून दाखवलं. विकलेले सगळे तक्ते आम्ही स्वखर्चाने बदलून दिले.

टनेलमध्ये मॉडेल स्थिर असतं, हवा धावते. रस्त्यावर उलट: हवा उभी, गाडी धावते. धावत्या मॉडेलमागची हवा मोजायला शेडच्या लांबीभर बारा मीटरचा रूळ टाकला. ट्रॉलीवर मॉडेल, वेग सेकंदाला आठ मीटर, मोजणारी काडी जागेवर. इथे पिटो हतबल होते. मॉडेल गेल्यावर मागची हवा सेकंदाला दोन मीटरने ओढली जात असेल, तर मॅनोमीटरमधल्या पाण्याच्या पातळीत पाव मिलिमीटरचाही फरक पडत नाही. म्हणून हॉट-वायर घेतली: पाच मायक्रॉनची टंगस्टनची तापलेली तार. वाऱ्याने ती किती थंड होते, त्यावरून वेग कळतो. तिला दिशा कळत नाही, बोट लागलं की तुटते, आणि आमच्या खाऱ्या, धुळीच्या हवेत तिचं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या वेगाशी जुळवणी, रोज सकाळी करावं लागतं.

सगळ्यात जास्त दिवस मात्र उभी हवा मिळवण्यात गेले. पहिले दोन महिने आकडे रोज वेगळे येत. दारं बंद, पंखे बंद, तरीही. शेवटी रुळाशेजारी उदबत्ती लावून बसलो. सकाळी अकरानंतर धूर हळूहळू पूर्वेला कलू लागला. समुद्रावरचा वारा पत्र्यांच्या फटींतून आत येत होता, शिवाय तापलेल्या छपराखाली हवा फिरत होती. आता फटी रबराने बुजवल्या आहेत आणि मोजणी पहाटेच करतो. एक फेरी झाली की ट्रॉलीने ढवळलेली हवा बसायला सात-आठ मिनिटं जातात. धूर हातभर सरळ चढला, की पुढची फेरी.

आज शेडमध्ये आम्ही सहाजण आहोत. मामा बहात्तरीचे आहेत, पण भोकांची शेवटची तपासणी त्यांचीच. रूळ वापरायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं: नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली तारीख घ्या, पहाटे साडेचारला या, आणि आत आल्यावर दार हळू लावा.